जाजम, सतरंजी व घोंगडी यांस येणारा वास : कारणें आणि घरगुती उपाय

गेल्या आश्विनांत आमच्या गांवच्या शेतकरी मंडळाची सभा देवळाच्या सभामंडपांत भरली होती. पावसाळ्याचे चार महिने माळ्यावर घडी घालून ठेवलेलें मंडळाचें मोठें जाजम त्या दिवशीं काढून अंथरलें होतें. सभासद येत गेले व बसत गेले. कोणी कांहीं बोललें नाहीं. परंतु घटकाभरानें पाहतों तों जाजम मधोमध रिकामें आणि मंडळी चोहों बाजूंनीं उघड्या फरशीवर सरकलेली! अध्यक्षांनीं उदबत्त्या लावविल्या. तेणेंकरून वास गेला नाहीं. उलट उदबत्तीचा एक व जाजमाचा एक असे दोन वास शेजारीं शेजारीं नांदूं लागले. सभेच्या शेवटीं एका गृहस्थांनीं हें जाजम जाळून नवें घ्यावें अशी सूचना मांडली. मंडळाची शिल्लक किती, हें आम्हांस ठाऊक होतें. म्हणून आम्हीं तें जाजम मागून घेतलें आणि पंधरा दिवसांनीं परत नेऊन दिलें. पुढील सभेंत मंडळी त्यावरून उठावयास तयार होईनात!

तेव्हांपासून जो तो आम्हांस उपाय विचारतो. एकेकास सांगत बसण्यापेक्षां मासिकाच्या द्वारें सर्वांस एकदांच सांगावें, या हेतूनें हा लेख लिहिला आहे. यांत आमच्या हातून घडलेली एक मोठी चूकही सांगावयाची आहे. ती लेखाच्या उत्तरार्धांत येईल. वाचकांनीं तेथपर्यंत वाचल्यावांचून अंक खालीं ठेवूं नये, अशी विनंति आहे.

आधीं स्थळपाहणी, मग निकाल

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. त्या खात्यांत एक धडा पहिल्याच वर्षीं मिळतो. अर्ज हातीं पडला कीं आधीं स्थळपाहणी करावी, मग पंचनामा लिहावा व सर्वांच्या शेवटीं निकाल द्यावा. स्थळ न पाहतां दिलेला निकाल वरच्या कचेरींत टिकत नाहीं. बिछायतीचा वास हाही एक तक्रार-अर्जच समजावा. कापसाच्या सुतास किंवा मेंढीच्या लोकरीस स्वच्छ व कोरड्या स्थितींत म्हणण्यासारखी दुर्गंधि नसते. वास येतो तो त्यांत अडकलेल्या ओलाव्याचा, बुरशीचा, स्निग्ध पदार्थाचा अथवा मुताचा. हा अर्जदार कोण हें ओळखल्याशिवाय सोडा टाकणें किंवा अत्तर शिंपडणें म्हणजे न वाचलेल्या अर्जावर शेरा मारणें होय.

अर्जदार ओळखण्याचें साधन आपल्या भाषेंतच आहे. आपल्या बायाबापड्यांनीं निरनिराळ्या वासांस निरनिराळीं नांवें दिलीं आहेत, आणि त्या प्रत्येक नांवामागें निराळें कारण आहे.

कुबट वास हा ओलावा व बुरशी यांचा. हवेंतील आर्द्रता फार दिवस शेंकडा ७० च्या वर राहिली कीं घडींत बुरशी धरूं लागते. आणि आपल्या पावसाळ्यांत तर ती कित्येक आठवडे याहूनही पुष्कळ अधिक असते.

खवट किंवा आंबूस वास हा तूप, तेल, दूध यांचा. हे पदार्थ जुने झाले कीं त्यांतून आम्लें सुटतात. दुधातुपांतील ब्यूटिरिक नांवाचें आम्ल अत्यल्प असलें तरी नाकास तात्काळ कळतें.

नाकांत झोंबणारा उग्र वास हा मुताचा, मग तें लेंकराचें असो, मांजराचें असो वा उंदराचें. मुतांतील यूरिया या द्रव्याचें सूक्ष्म जंतु अमोनियांत रूपांतर करितात. ताज्या मुतास वास थोडा व दुसऱ्या दिवशीं पुष्कळ, याचें कारण हेंच.

वशट वास हा भिजलेल्या लोकरीचा. यास उपाय वाऱ्यावर वाळविणें एवढाच. लोकर आपल्या वजनाच्या सुमारें तिसरा हिस्सा इतका ओलावा हवेंतून शोषून घेते, तरी हातास ओली लागत नाहीं. म्हणून घोंगडी कोरडी भासली तरी ती कोरडी असेलच असें नव्हे.

पांचवा एक वास आहे. त्याचें नांव आपल्या आज्यांस ठाऊक नव्हतें, कारण त्यांच्या काळीं तो घरांत नव्हता. त्याविषयीं पुढें लिहूं.

सर्वांत स्वस्त उपाय : कोरडें ऊन्ह

मंडळाचें जाजम घरीं आणून आम्हीं प्रथम त्याची स्थळपाहणी केली. अंगणांत उलगडून, खडूनें चौकोन आंखून, प्रत्येक चौकोनाशीं नाक नेलें. घरच्या मंडळींस हंसूं आवरेना. परंतु त्या पाहणींत असें निघालें कीं, मधल्या घड्यांत बुरशीचे काळसर ठिपके होते; एका कांठावर महाप्रसादाच्या तेलातुपाचे जुने डाग होते; आणि एका कोंपऱ्यांत उंदरानें बिऱ्हाड केलें होतें. एकाच जाजमांत तीन अर्जदार निघाले. तिघांस एकच निकाल देऊन चालण्यासारखें नव्हतें.

तथापि पहिली पायरी तिघांसही एकच, ती म्हणजे झटकणें व वाळविणें. बिछायत घराबाहेर, वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून, नाकातोंडावर फडकें बांधून झटकावी. बुरशीची धूळ दम्याच्या माणसास फार बाधते. तशा माणसास या कामापासून दूर ठेवावें. नंतर दोरीवर किंवा बाजेवर, सकाळीं ११ पासून दुपारीं ३ पर्यंत ऊन्ह द्यावें. जमिनीवर पसरूं नये. कारण वरून ऊन्ह व खालून जमिनीची ओल असा व्यवहार होतो. दर तासानें बाजू उलटावी. ऊन्ह उतरण्यापूर्वीं आंत आणावी, नाहींतर दिवसभरांत गेलेली ओल सायंकाळच्या दमट हवेंतून परत येते. उन्हाची उष्णता ओल घालविते, आणि त्यांतील डोळ्यांस न दिसणारे किरण उघड्या पृष्ठभागावरील पुष्कळशा जंतूंचा नाश करितात. दोन तीन दिवस असें केल्यास निम्म्याहून अधिक बिछायतींस दुसरा उपाय लागत नाहीं.

घोंगडी मात्र फार वेळ कडक उन्हांत ठेवूं नये. तिचा रंग उडतो व लोकर ठिसूळ होते. तिला तासाभराचें ऊन्ह व दिवसभराचा वारा द्यावा. पावसाळ्यांत ऊन्ह न मिळेल तर ओसरीवर बाज टाकून, तीवर बिछायत पसरून, विजेच्या पंख्याचा वारा खालून-वरून द्यावा. खोली बंद करून वाळवूं नये. बंद खोलींत गेलेली वाफ तेथेंच फिरत राहते.

खवट व आंबूस वासास खाण्याचा सोडा

खाण्याचा सोडा हा सौम्य क्षार आहे. आम्लाशीं त्याचा संयोग झाला म्हणजे वासाचें आम्ल बिनवासाच्या मिठांत बदलतें. म्हणून दूध, तूप, ताक, ओकारी यांच्या वासावर हा उत्तम. डाग प्रथम कोमट साबणाच्या पाण्यानें पुसून काढावा व बिछायत सुकूं द्यावी. नंतर ६ फूट × ४ फूट सतरंजीस सुमारें १०० ग्रॅम सोडा चाळणीनें सारखा भुरभुरावा व मऊ कुंचल्यानें विणींत उतरवावा. रात्रभर तसाच राहूं देऊन सकाळीं झटकून टाकावा. वाटींत सोडा घालून ती खोलीच्या कोंपऱ्यांत ठेवल्यानें बिछायतीस कांहीं लाभ होत नाहीं. सोड्याचा स्पर्श डागास झाला पाहिजे.

येथें एका प्रचलित समजुतीविषयीं लिहिणें अवश्य वाटतें. सोडा व शिरका एकत्र ओतले म्हणजे फसफसून फेंस येतो आणि तो फेंस वास ओढून काढतो, असें पुष्कळजण सांगतात. वास्तविक शिरका हें आम्ल व सोडा हा क्षार. दोघे एकत्र आले कीं एकमेकांचा जोर मारितात; वायु उडून जातो आणि मागें बहुतांशीं खारट पाणी उरतें. आम्हीं याची परीक्षा केली. एका जुन्या सतरंजीचे चार तुकडे करून प्रत्येकावर एक एक चमचा नासलेलें दूध ओतलें व वाळविलें. पहिल्यास केवळ ऊन्ह दिलें. दुसऱ्यावर सोडा रात्रभर ठेवला. तिसरा लांकडी कोळशाच्या पुरचुंडीसह डब्यांत कोंडला. चवथ्यावर सोडा व शिरका एकदम ओतून नंतर वाळविला. दुसऱ्या दिवशीं घरच्या चार माणसांस डोळे झांकून वास घ्यावयास सांगितलें. चौघांनींही दुसरा तुकडा सर्वांत बरा ठरविला. तिसऱ्यास क्रमांक मिळाला दुसरा. पहिला व चवथा यांत फरक कोणासच सांगतां आला नाहीं. म्हणजे चवथ्यावरचा सोडाही फुकट गेला व शिरकाही. ही परीक्षा लहान आहे हें आम्ही जाणतों. परंतु ती कोणाही वाचकास घरच्या घरीं करून पाहतां येईल.

मुताच्या वासास आंबट पाणी

अमोनिया हा क्षारधर्मी असल्यामुळें त्यावर सोड्याऐवजीं आम्ल पाहिजे. डाग ताजा असेल तर घासूं नये. कोरडें सुती फडकें दाबून जितकें मूत टिपून घेतां येईल तितकें घ्यावें व थंड पाण्यानें दोन तीनदां टिपावें. नंतर एक भाग पांढरा शिरका व तीन भाग पाणी, अथवा शिरका न मिळाल्यास एक लिटर पाण्यांत दोन लहान चमचे लिंबूसत्त्व विरघळवून तें पाणी डागावर मुरवावें. पाव तासानें स्वच्छ पाण्यानें टिपून वाऱ्यावर टाकावें. चिंच व आमसूल हींही आंबट खरीं, परंतु त्यांचा डाग पडतो. ताक वापरूं नये. त्यांतील दुधाचा अंश मागें राहून स्वतःच नासतो.

मांजराच्या मुताचा वास एका धुण्यांत जात नाहीं. त्यांतील यूरिक आम्लाचे बारीक स्फटिक पाण्यांत सहजीं विरघळत नाहींत. म्हणून हवा दमट झाली कीं गेलेला वास पुनः डोकें वर काढतो. अशा वेळीं निराश न होतां तीच कृति तीन चार वेळां करावी.

उंदराचा वास असेल तर अधिक सावधपणा पाहिजे. उंदराच्या मुतांतून लेप्टोस्पायरोसिस नांवाचा ताप पसरतो, व तो जखमेंतून किंवा भेगाळलेल्या कातड्यांतून अंगांत शिरतो. हा रोग आपल्या कोंकणांत पावसाळ्यांत दरसाल डोकें वर काढतो. म्हणून अशी बिछायत उघड्या हातांनीं व अनवाणी पायांनीं हाताळूं नये. लेंड्या कोरड्या झाडूं नयेत. साबणाच्या पाण्यानें ओल्या करून फडक्यानें उचलाव्या. मग बिछायत धुऊन खडखडीत वाळवावी, कारण या रोगाचे जंतु पूर्ण वाळल्यावर जगत नाहींत.

येथें एक सक्त इशारा देतों. ब्लीचिंग पावडर व शिरका अथवा लिंबू हीं कधींही एकत्र करूं नयेत. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायु सुटतो. मुतानें भिजलेल्या जागीं ब्लीचिंग पावडर टाकल्यासही अमोनियाशीं संयोग होऊन दुसरा घातक वायु निघतो. लोकरीवर तर ब्लीचिंग पावडर मुळींच चालत नाहीं. ती लोकरीस खाऊन टाकते.

गोमूत्र शिंपडल्यानें बिछायत शुद्ध होते, असें मानणारे आमच्या घरांतही वडीलधारे होते. त्यांच्या श्रद्धेविषयीं आम्हांस कांहीं म्हणावयाचें नाहीं. परंतु गोमूत्रांतही यूरिया असतो व त्याचाही अमोनिया होतो, तेव्हां वास घालविण्यासाठीं तें बिछायतीवर शिंपडणें हें उद्देशाच्या उलट होय. धुपाची गोष्ट निराळी नाहीं. धुराचा वास वर बसतो, खालचा तसाच राहतो.

सुतास एक न्याय, लोकरीस दुसरा

कुबट वासाची सुती सतरंजी वाळवून झटकल्यावर ऊन पाणी, साबण व धुण्याचा सोडा यांनीं बेलाशक धुवावी. जाजमाचा छापील रंग जातो कीं काय, हें आधीं एका कोंपऱ्यावर ओलें पांढरें फडकें घासून पाहावें. बुरशीचा वास धुण्यानंतरही राहिल्यास वर सांगितलेलें शिरक्याचें पाणी लावून पुनः वाळवावें.

घोंगडीस हा न्याय लावूं नये. आमच्या वडिलांची एक काळी घोंगडी होती. ते गेल्यावर ती पेटींत पडून कुबट झाली, म्हणून आम्हीं ती कढत पाण्यांत धुण्याच्या सोड्यासह भिजवून धोपटली. वाळल्यावर पाहतों तों दोन हात लांबीची घोंगडी दीड हातांची झाली होती, आणि बोटांत धरलेली लोकर तुटून येत होती. कढत पाणी व घासणें यांनीं लोकरीचे धागे एकमेकांत गुंतून आटतात, व तीव्र क्षार लोकरीचें सत्त्व विरघळवितो. राखेचें पाणीही क्षारच, तेंही लोकरीस वर्ज्य समजावें. चूक पदरांत घेतली, परंतु घोंगडी कांहीं परत आली नाहीं.

लोकरीस रिठा हेंच योग्य. दहा रिठ्यांच्या बिया काढून सालें एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजत घालावीं, सकाळीं पाव तास उकळावीं, कुसकरून गाळून घ्यावीं. हें पाणी बादलीभर थंड पाण्यांत मिसळून त्यांत घोंगडी हलक्या हातानें दाबावी. पिळूं नये, धोपटूं नये. रिठ्याचें पाणी डोळ्यांत गेल्यास फार झोंबतें, व दोन दिवसांत तें नासतें, म्हणून लागेल तितकेंच करावें. शेवटच्या पाण्यांत एक चमचा शिरका घातल्यास राहिलेला साबणपणा निघून लोकर मऊ राहते. आडवी पसरून सावलींत वाळवावी. हेंही लक्षांत ठेवावें कीं, मागावरची घोंगडी ताठ राहण्यासाठीं विणणारे तीस चिंचोक्याची खळ देतात. ती खळ दमट जागीं बुरशीचें व किड्यांचें खाद्य होते. तस्मात् खळ असलेली नवी घोंगडी पावसाळ्यांत घडी करून ठेवूं नये, वापरांत ठेवावी.

वास येऊंच नये म्हणून

ताज्या सारवलेल्या जमिनीवर सतरंजी अंथरणें हें कुबट वासाचें घराघरांतील कारण आहे. सारवण पूर्ण वाळूं द्यावें व खालीं शिंदीची चटई घालावी. शहाबादी फरशीसही पावसाळ्यांत पाणी सुटतें, तेथेंही चटई हवी. घडी जमिनीवर किंवा भिंतीस लावून न ठेवतां फळीवर ठेवावी. उन्हांतून आणल्यावर अर्धा तास निवूं देऊन मग घडी करावी. घडींत कडुनिंबाचा वाळलेला पाला व वेखंडाचे तुकडे घालावे. यांनीं किडे दूर राहण्यास मदत होते, परंतु आंत शिरलेल्या अळ्या मरत नाहींत, हें विसरूं नये. पेटींत लांकडी कोळशाची पुरचुंडी ठेवावी व महिन्यानें तिला कडक ऊन्ह द्यावें. डांबराच्या गोळ्या व कापूर पोटांत गेल्यास लहान मुलांस विष होतात. ते मुलांच्या हातीं लागतील अशा जागीं ठेवूं नयेत. पावसाळ्यांत महिन्यांतून एकदां घडी मोडून निराळ्या रेघेवर घालावी.

पांचवा वास

आतां आमच्या चुकीविषयीं.

तीन वर्षांपूर्वीं आमच्या घरीं मुलीचा साखरपुडा होता. कोठीच्या खोलींतून मोठी सतरंजी काढली, तों तीस चमत्कारिक वास आला. कांहींसा कुजक्या लसणासारखा, कांहींसा रॉकेलासारखा. आमच्या सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, हा वास कुबट नाहीं हो. मला फवारणीच्या औषधाचा वाटतो. ही सतरंजी नको.” त्यांच्या माहेरीं द्राक्षांचा बाग आहे, फवारणीचा वास त्यांस ओळखीचा. आम्हीं मात्र वडीलपणाच्या तोऱ्यांत उत्तर दिलें, “सूनबाई, कोठींत काय, सगळ्यालाच वास येतो. दोन दिवस ऊन्ह द्या, सोडा भुरभुरा, अत्तर लावा. पाहुण्यांना कळणारही नाहीं.”

त्यांनीं सांगितल्याप्रमाणें केलें. खरोखरच वास पुष्कळ कमी झाला. आम्हीं समाधानानें शेरा मारिला कीं, प्रकरण निकालीं निघालें.

साखरपुड्याच्या दिवशीं दुपारीं आमचा चार वर्षांचा नातू त्या सतरंजीवर उघड्या अंगानें दोन तास झोंपला. उठला तो डोकें दुखतें म्हणून रडत. मग वांति सुरू झाली, तोंडांतून लाळ गळूं लागली, डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें. मंडळी म्हणाली, गोड बाधलें. सूनबाईंनीं कोणाचें न ऐकतां मुलास उचलून मोटारींत घातलें. तालुक्याच्या दवाखान्यांत डॉक्टरांनीं त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या. त्या टाचणीच्या टोंकाएवढ्या झाल्या होत्या. डॉक्टरांनीं विचारलें, “घरांत फवारणीचें औषध कोठें ठेवतां?” मुलाचे कपडे काढून त्याचें सर्वांग साबणानें धुतलें व इंजेक्शनें दिलीं. दोन रात्री आम्ही दवाखान्याच्या बाहेर बसून होतों. तिसऱ्या दिवशीं मूल हंसलें.

घरीं येऊन कोठी पाहिली. फळीवरील कीटकनाशकाच्या बाटलीचें झांकण ढिलें होऊन औषध खालीं सतरंजीवर ठिपकत राहिलें होतें. बाटलीवर तांबडा त्रिकोण होता. सन १९६८ चा कीटकनाशक कायदा व सन १९७१ चे नियम यांअन्वयें बाटलीवर विषाच्या तीव्रतेप्रमाणें तांबडा, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, आणि तांबडा म्हणजे अत्यंत विषारी. हे नियम आम्हीं सरकारी कागदांत अनेकदां वाचले होते; आपल्या फळीवर मात्र वाचले नाहींत.

सोड्यानें व अत्तरानें आम्हीं काय केलें, तें आतां उघड आहे. वास हा घरांतील पहारेकरी होता. त्यानें हांक मारिली. सूनबाईंनीं ती ऐकली. आणि आम्हीं पहारेकऱ्याचेंच तोंड बांधलें. वास गेला व विष राहिलें. वास राहिला असता तर त्या सतरंजीवर कोणी मूल निजविलें नसतें.

यावरून आमच्या शेतकरी बंधूंस पुढील गोष्टी हात जोडून सांगतों. फवारणीच्या औषधाचा वास येणाऱ्या बिछायतीवर कोणताही घरगुती उपाय करूं नये. ती धुऊन वापरूं नये, गरिबास देऊं नये, कुत्र्याच्या अंथरुणास घालूं नये. ती जाळूं नये, कारण धूरही विषारी. विहिरींत, ओढ्यांत किंवा नदींत टाकूं नये. हातांत रबरी मोजे घालून प्लास्टिकच्या पिशवींत घट्ट बांधावी, मुलांपासून व जनावरांपासून दूर ठेवावी आणि शेतकी खात्याच्या अधिकाऱ्यास विचारून तिची विल्हेवाट लावावी. आम्हीं तसेंच केलें. औषधें राहत्या घराबाहेर कुलपांत ठेवावीं. धान्य, वैरण व अंथरुणें यांच्या खोलींत तीं कधींही नसावीं. विषबाधेचा संशय येतांच अंगावरील कपडे काढून अंग साबणानें व पुष्कळ पाण्यानें धुवावें, मुद्दाम वांति करवूं नये, आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरील कागद बरोबर घेऊन तडक दवाखाना गांठावा.

तात्पर्य

कुबट वासास ऊन्ह व वारा, खवटास सोडा, मुतास आंबट पाणी, लोकरीस रिठा; सोडा व शिरका एकत्र नको; ब्लीचिंग पावडर व आंबट तर कदापि नको; आणि पांचव्या वासास कोणताही उपाय न करितां बिछायत घरांतून बाहेर. एवढें लक्षांत ठेविल्यास या लेखाचें काम झालें. मंडळाचें जाजम तीन अर्जदारांस तीन निराळे निकाल देऊन शुद्ध झालें. त्यास एकंदर खर्च सोडा, शिरका व साबण एवढाच आला.

शेवटीं एक घरगुती गोष्ट. आमच्या घरीं आतां कोठलीही बिछायत पेटीबाहेर निघाली कीं ती प्रथम सूनबाईंच्या पुढें जाते. त्यांनीं वास घेऊन मान हालविल्यावांचून ती अंथरली जात नाहीं. वाचकांपैकीं कोणास याहून निराळे उपाय अनुभवानें ठाऊक असतील, तर त्यांनीं ते मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावे. आमच्याहून अधिक जाणत्या नाकाचें म्हणणें ऐकण्यास उशीर करूं नये, हें आम्ही फार मोठी भीति सोसून शिकलों आहों.